मूळ आणि अस्सल

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका सायंकाळी आमच्या मिशनच्या गाडीचे काम पाहणारे मिस्त्री ओसरीवर येऊन बसले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. बिडी ओढायला ते एरवी फाटकाबाहेर जातात, म्हणून मला थोडे नवल वाटले. पण पेटी उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली तेव्हा आत काड्या नव्हत्याच. कापसाच्या बोळ्यावर ठेवलेली एक लहानशी धातूची पट्टी होती. तिच्यावर आकडे ठोकलेले होते आणि कडेला रिबिटांची भोके होती.

"फादर," ते म्हणाले, "गाडी खरी, इंजिन खरं, कागदही खरे. हे पट्टी तं सोळा आणे खरी. मंग दुसऱ्या चेसिसवर ठोकली तं खोटं काय होते?"

हे संभाषण पापनिवेदनातले नाही आणि त्यांच्या परवानगीनेच मी ते लिहीत आहे, एवढे आरंभी सांगून टाकतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या मनुष्याने अशा प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर द्यायला हवे. मला त्या सायंकाळी ते देता आले नाही. त्याला एक जुने कारण होते. ते पुढे येईल.

प्रथम त्या गाडीविषयी. जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याचे, कापसाचे गाव. इथल्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात कित्येक वर्षे एक जीप पडून होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलिज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. त्यांतल्या काही युद्धाबरोबर हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच विकल्या गेल्या. पुढे १९४९ पासून महिंद्र कंपनीने मुंबईला जीपची जोडणी सुरू केली, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या जीप बहुधा त्या कुळातल्या असतात. गोदामातली मात्र युद्धकाळातली विलिज होती. तिच्या नोंदणीपुस्तकावर बुलढाणा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता तेव्हाचे शिक्के आहेत, द्वैभाषिक मुंबई राज्याचे आहेत आणि नंतर महाराष्ट्राचेही आहेत. गाडी जागची हलली नाही, राज्ये बदलत गेली. मिस्त्रींनी ती विकत घेतली, तीन वर्षे रात्री जागून दुरुस्त केली, आणि शहरातील एका संग्राहकाच्या वतीने एक दलाल ती पाहून गेला.

अडचण चेसिसची होती. गोदामाच्या ओलीत गाडीचा सांगाडा इतका सडला होता की हातोडीच्या एका टोल्याने आरपार भोक पडे. मिस्त्रींनी भुसावळकडच्या भंगारातून दुसऱ्या एका जीपचा सांगाडा आणला. तो निघाला फोर्डचा. जाणकाराला हे ओळखू येते. विलिजच्या सांगाड्याची पुढची आडवी दांडी गोल नळीची असते, फोर्डची तशी नसते. शिवाय फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' हे अक्षर उमटवले होते. आणखी एक भेद महत्त्वाचा. फोर्डने गाडीचा क्रमांक थेट सांगाड्याच्या लोखंडात ठोकला; विलिजने तो एका लहान पट्टीवर ठोकून ती पट्टी डाव्या बाजूला, पुढच्या बंपरच्या मागे रिबिटांनी बसवली. लोखंडात ठोकलेला क्रमांक काढून दुसरीकडे नेता येत नाही. पट्टी नेता येते. दलालाने सुचवले ते एवढेच: फोर्डच्या सांगाड्यावरचा गंजून पुसट झालेला क्रमांक घासून टाका, पुढे गोल नळी बसवा, पट्टी ठोका आणि रंग द्या. तसे केल्यास 'मूळ विलिज' म्हणून जी किंमत मिळणार होती, ती न केल्यास मिळणाऱ्या किमतीच्या दुप्पट होती.

मिस्त्रींचा युक्तिवाद मी जितका हलका समजलो तितका तो नव्हता. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही आस, बॉडीचा बराचसा पत्रा, सारे त्याच विलिजचे. गाडीची टाकी बदलली, चाके बदलली, तर ती दुसरी गाडी होत नाही. मग सांगाडा बदलल्यानेच का व्हावी?

आम्हाला तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षात हाच प्रश्न एका जहाजाच्या रूपाने विचारला गेला होता. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जतन करून ठेवले. फळी कुजली की ती काढून नवी बसवीत. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिले की नाही, यावर तिथले तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने नमूद केले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक पेच घातला: काढून टाकलेल्या कुजक्या फळ्या कोणी साठवून ठेवल्या आणि त्यांचेच पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंतले थीसियसचे कोणते? वर्गात हा प्रश्न आम्हाला करमणुकीचा वाटे. मिस्त्रींच्या गॅरेजमागे बाभळीखाली त्या विलिजचा सडलेला सांगाडा अजून पडलेला आहे. उद्या कोणी तो वजनावर नेला, त्याला नव्या लोखंडाची ठिगळे लावली आणि 'हीच ती' म्हणून दुसरी जीप उभी केली, तर हॉब्जचा पेच बुलढाणा जिल्ह्यात सुटायला येईल. जुन्या मोटारींच्या जगात एकाच क्रमांकावर दोन गाड्यांनी हक्क सांगण्याचे प्रकार याच रीतीने घडतात.

आपल्याकडे हा विचार रथावरून झाला, हे मला अधिक जवळचे वाटते. मिलिंद राजा नागसेन भिक्षूंना भेटायला रथात बसून आला. नागसेनांनी त्याला विचारले, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी त्याला मान्य करावे लागले, की या सर्वांच्या जुळणीला व्यवहारात 'रथ' हे नाव दिले जाते. संत थॉमस अक्वायनस वेगळ्या वाटेने जातात. मनुष्याच्या देहातले द्रव्य आयुष्यभर झिजते आणि भरून निघते, तरी पुनरुत्थित देह त्याचाच कसा, हे सांगताना त्यांनी आगीचा दाखला दिला आहे: जुनी लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी जोवर ती पेटती आहे तोवर आपण तिला तीच आग म्हणतो. दाखला मोटारीला तंतोतंत लागू पडत नाही. मोटारीला आत्मा नाही. पण 'पेटती आहे तोवर' या शब्दांशी मी थांबलो. आग विझली, काही वर्षे गेली, आणि त्याच चुलीत दुसऱ्याने दुसरी पेटवली, तर ती आग तीच असे कोणी म्हणणार नाही.

हाच मुद्दा एका न्यायाधीशाला १९९० साली लंडनमध्ये निकालात काढावा लागला. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली गाडीने फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत १९२९ साली जिंकली आणि १९३० साली पुन्हा जिंकली. शर्यतीची गाडी ती. प्रत्येक मोसमात तिचे काही ना काही बदलत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीवरून उडाली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. पुढे ती नव्याने बांधली गेली, तिला वेगळी बॉडी आली. अशी ही गाडी १९९० साली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. नंतर खरेदीदार कंपनीने व्यवहार नाकारला. तिचे म्हणणे असे, की शर्यत जिंकलेल्या गाडीतले यात जवळजवळ काहीच उरलेले नाही. ते बव्हंशी खरेही होते. १९२९-३० च्या गाडीतले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच भाग उरले होते.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की ही गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, कारण मूळ भाग उरले नाहीत. पण ती 'अस्सल' आहे, कारण १९२९ पासून ती कधीही नाहीशी झाली नाही. प्रत्येक बदल चालत्या इतिहासात, माहीत असलेल्या हातांनी झाला. आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. विकायला होते ते लोखंड आणि त्यासोबत तो इतिहास.

येथे मराठी वाचकाला थोडे हसू येईल. 'मूळ' म्हणजे झाडाचे मूळ, आणि 'अस्सल' हा शब्द ज्या अरबी 'अस्ल'वरून आला त्याचाही अर्थ मूळ असाच आहे. तरीही आपल्या कानांनी दोहोंत फरक केला आहे. जुन्या कचेऱ्यांतल्या नकलांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असे लिहीत. म्हणजे नकलेनेसुद्धा आपण कशाची नक्कल आहोत हे कबूल करायचे आणि कोणाच्या तरी सहीनिशी करायचे. नक्कल असणे हा दोष नव्हता.

आता मिस्त्रींच्या जीपकडे पाहू. तिचा सांगाडा बदलणे ही चालत्या इतिहासातली एक घटना आहे. सुमारे ऐंशी वर्षांच्या गाडीला असे व्हायचेच. बेंटलीच्या निकालाच्या न्यायाने तीही अस्सल ठरू शकते. पण पट्टी ठोकून, फोर्डचा क्रमांक घासून, नळी बसवून जे विकले जाईल, त्यात ही घटनाच पुसून टाकलेली असेल. गाडी काय आहे या प्रश्नाचा काथ्याकूट आपण कितीही करावा, मिस्त्रींच्या हातात असलेला प्रश्न वेगळा आहे: गाडी काय आहे म्हणून मी सांगणार? मी न सांगितलेले ऐकून समोरचा काय समजणार?

या ठिकाणी दोन घोडे भेटतात. पहिला घोडा अक्वायनसांचा. विकणाऱ्याने मालातला दोष सांगितलाच पाहिजे का, या प्रश्नावर ते म्हणतात, की दोष झाकलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान किंवा त्याला धोका होणार असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असेल, आणि किंमतही त्या मानाने कमी घेतली असेल, तर तोंडाने सांगण्याची सक्ती नाही. दुसरा घोडा भारतीय करार कायद्याचा, १८७२ सालचा. कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे आहेत. लिलावात एकाने घोडा विकला. घोडा रोगट आहे हे त्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. सहाशे वर्षांच्या अंतराने उभे असलेले हे दोन घोडे मी प्रथम शेजारी ठेवले तेव्हा मला वाटले होते, की धर्म एकीकडे आणि कायदा दुसरीकडे.

पण उदाहरणे तिथे संपत नाहीत. विकणारा बाप आणि घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण: घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निरोगी समजेन.' विकणारा गप्प राहतो. येथे मौन हेच बोलणे होय, असे कायद्याचे मत आहे.

हे तिसरे उदाहरण मी बऱ्याच उशिरा वाचले. २००१ साली मी मेळघाटाच्या पायथ्याच्या एका मिशनमध्ये सहायक धर्मगुरू होतो. मिशनची महिंद्र जीप विकायची होती. घाटरस्त्यावर तिच्या चेसिसला पुढच्या बाजूने चीर गेली होती. ती मीच रस्त्याकडेच्या एका दुकानात वेल्डिंग करून घेतली होती आणि वरून काळा रंग मारून घेतला होता. भाजीपाल्याची वाहतूक करू इच्छिणारा एक तरुण ती घ्यायला आला. मी त्याला गाडीखाली वाकून पाहा म्हणालो. तो हसून म्हणाला, "फादरची गाडी, तिच्यात पाहायचं काय?" मी काही बोललो नाही. पंचेचाळीस हजार रुपये मोजून घेतले, हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या करून ते कोरेच त्याच्या हाती दिले, आणि विचारले असते तर सांगितले असते, अशी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षांनी मिशनच्या नावाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. वेल्डिंग सुटून जीप रस्त्याखाली उतरली होती. त्या तरुणाचा हात मोडला होता आणि मागे बसलेल्या एका मजूर बाईच्या पायाचे हाड मोडले होते. कोरे फॉर्म त्याच्या ट्रंकेत तसेच होते. नोंदणीपुस्तकात मालक म्हणून नाव मिशनचे होते आणि विमा संपलेला होता. तडजोडीने मिशनने पैसे भरले. माझे वरिष्ठ एका शब्दानेही बोलले नाहीत. सगळी सुनावणी नोंदणीपुस्तकातल्या नावावर झाली. वेल्डिंगबद्दल मला कोणी विचारले नाही. तो तरुण मात्र मला भेटायला आला आणि म्हणाला, "तुम्हाला कुठं माहीत होतं, फादर!" तेव्हाही मी गप्प राहिलो.

त्याला खरे सांगायला मला आणखी सहा वर्षे लागली. त्याने ऐकून घेतले. दसऱ्याला तो दरवर्षी आपट्याची पाने घेऊन येत असे. त्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला.

म्हणून मिस्त्रींना मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. 'विचारलं तं सांगू' हे त्यांचे वाक्य माझेच होते.

कायद्याच्या बाजूने त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि ते मी दुसऱ्या दिवशी सांगितले. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. 'मूळ विलिज' हे वर्णन झाले. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये अशी तरतूद आहे, की घेणाऱ्याला साध्या काळजीने सत्य शोधता आले असते, तर केवळ मौनाच्या आधारावर त्याला करार मोडता येत नाही. पण गोल नळी बसवणे हे मौन नव्हे, तो सत्य झाकण्याचा उद्योग आहे, आणि तिथे या तरतुदीचा आसरा नाही. क्रमांकाशी खेळ केला तर प्रकरण दिवाणी राहत नाही. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेतही आहेच. भंगारातल्या सांगाड्याचा क्रमांक घासताना तो कोणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचा तर नव्हता ना, हे कळण्याची एकमेव खूण आपण आपल्या हाताने नष्ट करतो, याचा मिस्त्रींनी विचार केला नव्हता. त्यांचा चेहरा तेवढ्याने उतरला.

आणि नोंदणीचे नाव. मोटार वाहन कायदा 'मालक' म्हणतो तो नोंदणीपुस्तकात नाव असलेल्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केले: गाडी चार हातांतून गेली असली तरी अपघाताची भरपाई ज्याचे नाव नोंदीत आहे त्याच्याकडे येते. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तर हे नेहमी विसरले जाते, कारण ती गाडी रस्त्यावर येईल असे कोणाच्या मनातही नसते. संग्राहक ती शोभेची म्हणून नेतो. त्याचा मुलगा एका रविवारी ती बाहेर काढतो.

त्यातही २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच. अट अशी, की ती मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नियम चांगल्या हेतूने केला आहे, पण तो मला थोडा शहरी वाटतो. राजवाड्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली मोटार त्यात सहज बसेल. आमच्या वऱ्हाडातली जीप कापसाच्या गाठी ओढीत, लग्नाची वऱ्हाडे आणि बाळंतिणी वाहत पन्नास वर्षे जगली. तिचे काहीच बदलले नसेल हे कसे शक्य आहे? जी राबली तिला विंटेजचा दर्जा मिळणे कठीण, अशी अट असली की माणसे खोटे बोलायला शिकतात. तथापि नियम वाकडा वाटतो म्हणून पट्टी ठोकण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, हे मला मान्य करावेच लागले, आणि मिस्त्रींना हेही सांगावे लागले, की खरे सांगितले तर कदाचित 'विंटेज' हा दर्जाही हातचा जाईल.

"म्हनजे खऱ्याचं नुसकानच हाय," ते म्हणाले. मी नाही म्हणालो नाही.

प्रमाणपत्रांबद्दल आमच्या ख्रिस्तसभेला फार जुना आणि नेहमीच गौरवास्पद नसलेला अनुभव आहे. संतांच्या अवशेषांच्या नावाखाली मध्ययुगात जो बाजार भरला त्याची लाज आम्हाला सेमिनरीतच शिकवली गेली. आजचा नियम साधा आहे: अवशेष मोहोरबंद असावा, त्यासोबत अधिकारी व्यक्तीचे लेखी प्रमाण असावे, आणि धर्मविधीसंहितेच्या ११९० व्या कलमानुसार पवित्र अवशेष विकण्यास पूर्ण मनाई आहे. किंमत नाहीशी केली की नकलेचे कारणही पुष्कळसे नाहीसे होते. मोटारींच्या बाबतीत हा उपाय लागू करता येत नाही, हे उघड आहे.

मोटारींना दुसऱ्या प्रकारचे प्रमाण असू शकते. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्याला बाहेर निघते, आणि ती पाहण्यासाठी दसरा चौकात गर्दी होते. त्या गाडीच्या अस्सलपणाबद्दल कोणाला दलालाचे मत विचारावे लागत नाही. एकाच घरात राहिली, लोकांच्या डोळ्यांदेखत निघाली; अख्खे गाव तिचे साक्षीदार आहे. ज्या गाडीला असे गाव मिळाले नाही, तिला निदान कागदावर साक्षीदार हवा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली ट्यूरिन सनद या नावाने संकेत ठरवले. त्यांत दुरुस्तीला बंदी नाही. बदललेल्या भागावर सहज नजरेत न भरणारी पण कायमची खूण करावी आणि केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवावी, अशी अपेक्षा आहे. मिस्त्रींना हे फार पटले. मी सांगितलेल्या साऱ्या तत्त्वज्ञानात त्यांना आवडलेली बहुधा हीच एक गोष्ट.

आम्ही दोनशे पानी वही आणली. चार रविवारी मिस्सेनंतर ते यायचे आणि सांगायचे, मी लिहायचो. इंजिन मूळ, सिलिंडरची बोअर दोनदा मारलेली. उजवा मडगार्ड नांदुऱ्याला बनवलेला. सीट नवी, कापड बाजारातले. सांगाडा फोर्डचा, कोणाकडून घेतला, कोणत्या तारखेला, वजनाने किती, पावती चिकटवलेली, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचता येतात, आधीचे येत नाहीत. प्रत्येक पानावर त्यांची सही. नव्या सांगाड्यावर पंचाने वर्ष ठोकले. सांगाडा बदलल्याचा अर्ज परिवहन कार्यालयात दिला आहे. पट्टी ठोकली नाही. काडेपेटीसकट ती वहीला दोऱ्याने बांधून ठेवली आहे, जो गाडी घेईल त्याची ती.

वही लिहीत असताना माझ्या जीपची हकीकत मी त्यांना सांगितली. ते बराच वेळ हातातला स्पॅनर पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या पोराचा हात सुदा झाला का, फादर?" मी म्हणालो, पूर्ण नाही, वजन उचलता येत नाही.

दलालाने वहीतली पाने फोटो काढून मागवली, निम्मी किंमत सांगितली आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मिस्त्रींच्या घरी यावरून काही दिवस वाद झाले, ते मी ऐकून आहे. धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी त्या पैशांतून भरायची होती. ती त्यांनी उसनवारीने भरली. जीप ताडपत्रीखाली आहे. दोन आठवड्यांपूर्वी खामगावचे एक निवृत्त शिक्षक येऊन गेले. गाडीपेक्षा वहीच त्यांनी अधिक वेळ पाहिली, सडलेला सांगाडाही दाखवा म्हणाले, आणि दिवाळीनंतर कळवतो असे सांगून एस.टी.ने परत गेले.